हरायला कुठे शिकायचं?

फर्स्ट इयरला राज्यशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. 'अमेरिकन राज्यघटनेचा उगम व विकास स्पष्ट करा.' गुण १०. गाइडवाल्यानं त्याचं उत्तर दीड पानात बसवलेलं. १७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ फिलाडेल्फिया परिषद, १७८९ नवं सरकार, १७९१ हक्कांची सनद. आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलं, उतरवलं, मार्क घेतले आणि विसरलो. तुम्हीही असंच केलं असणार. खोटं बोलू नका.

पेपरच्या आदल्या रात्री मी लाखनी तालुक्यातल्या आमच्या घरी छपरीत बसून तेच घोकत होते. बाजूच्या खाटेवर आबाजी पडले होते. चौथ्यांदा 'फिलाडेल्फिया' ऐकल्यावर ते उठून बसले.

"काय घोकून रायली व बाई?"

"अमेरिकेची राज्यघटना, आबाजी."

"अन् भंडाऱ्यात काय झालं ते नाई का त्या पुस्तकात?"

भंडाऱ्यात काय झालं? मी पुस्तक बाजूला ठेवलं.

"बाबासाहेब उभे होते ना इथून. तवा एका माणसाले दोन मतं होते. मी लहान होतो, पन बापानं घरी येऊन सांगतलेलं ध्यानात हाये."

एका माणसाला दोन मतं? मला वाटलं, वय झालंय, आबाजींची काहीतरी गल्लत होतेय. पेपर संपल्यावर मी शोधलं, वाचलं. गल्लत त्यांची नव्हती, माझी होती. आणि हेही कळलं की अमेरिकेच्या त्या दीड पानाच्या उत्तरात जो मुद्दा गाळला होता, तो आपल्या भंडाऱ्याच्या गोष्टीत जसाच्या तसा आहे.

मुद्दा सोपा आहे. जिंकणारा तसाही जोरात असतो. राज्यघटनेची खरी गरज असते ती हरणाऱ्याला. आपण हरलो तरी आपलं घर, आपला जीव, आपलं बोलणं शाबूत राहील आणि पुढच्या वेळी पुन्हा उभं राहता येईल, एवढा भरवसा असेल तरच माणूस हार मानून घरी जातो. नाहीतर तो लाठी शोधतो.

एका माणसाला दोन मतं

तर, १९५४ चा उन्हाळा. तेव्हा महाराष्ट्र राज्यच झालं नव्हतं. आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्याचाच भाग होता. लोकसभेचा भंडारा मतदारसंघ द्विसदस्य होता. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का मारायचा नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक बाद. अशा दोन खासदारांच्या मतदारसंघांची पद्धत पुढे १९६१ मध्ये कायदा करून बंद झाली.

भंडाऱ्यातल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून उभे होते. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते आणि बाबासाहेबांची त्यांच्याशी युती होती. दोनच वर्षांपूर्वी, देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, बाबासाहेब मुंबईत काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून हरले होते. म्हणजे भंडारा ही त्यांच्यासाठी लोकसभेत जाण्याची दुसरी संधी होती.

आता नियमातली गंमत बघा. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्याला राखीव जागा. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त मतं, त्याला दुसरी जागा. म्हणजे बाबासाहेब बोरकरांच्या मागे पडले तरी मेहतांच्या पुढे राहिले असते, तर दुसऱ्या जागेवर ते लोकसभेत जाऊ शकले असते. त्यासाठी त्यांच्या मतदारांनी एकच करायचं होतं. एक मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं कोणालाच द्यायचं नाही. याला त्या काळी शब्द होता, मत कुजवणं.

कार्यकर्त्यांनी हा उपाय सुचवला होता आणि बाबासाहेबांनी तो ठाम नाकारला, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. मी घटना तयार केली, मीच लोकांना मत वाया घालवायला कसं सांगू, हरलो तरी चालेल, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

आणि ते हरलेच. राखीव जागेवर बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर मेहता. बाबासाहेब काही हजार मतांनी मागे राहिले. ज्या घटनेनं देशातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिलं, तिच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना त्याच मतानं आपल्या जिल्ह्यात हरवलं. घटना लागू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

मी आबाजींना विचारलं होतं, "हरल्यावर काय केलं मग त्यांनी?"

"काय करतीन? दिल्लीले गेले, कामाले लागले."

खरंच तसंच झालं. ते तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. त्याच सभागृहात परत जाऊन बसले, भाषणं करत राहिले.

जिंकलेल्यालाही थांबवता येतं

पण मुळात ही पोटनिवडणूक लागली कशामुळे? ही गोष्ट तर मला कॉलेजात कोणी सांगितलीच नाही, आणि ती शंभर टक्के भंडाऱ्याची आहे. तिच्यात चक्क विडी आहे!

१९५२ च्या निवडणुकीत इथून दोन खासदार निवडून आले होते. त्यातल्या चतुर्भुज जसानी यांची एका विडी कंपनीत भागीदारी होती आणि ती कंपनी लष्करातल्या जवानांसाठी सरकारला विड्या पुरवत होती. कायदा सांगत होता की ज्याचा सरकारी कंत्राटात हितसंबंध आहे, तो खासदार होऊ शकत नाही. शिवाय राखीव जागेवरच्या एका उमेदवाराचा अर्ज, त्यानं महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून तो आता त्या जातीचा राहिला नाही, असं कारण देऊन फेटाळला गेला होता. दोन्ही मुद्दे नागपूरच्या निवडणूक न्यायाधिकरणापुढून सुप्रीम कोर्टात पोचले. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. १९५४ च्या सुरुवातीला कोर्टानं भंडाऱ्याची अख्खी निवडणूकच रद्द ठरवली.

विचार करा. सत्ताधारी पक्षाचे, लोकांनी निवडून दिलेले खासदार. दोन वर्षं दिल्लीत बसलेले. आणि कोर्ट म्हणतं, नाही, परत जा, पुन्हा निवडणूक घ्या. आणि ती घेतली जाते.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात, घटनेनं दोन्ही कामं करून दाखवली. जिंकलेल्याला थांबवलं आणि हरलेल्याला सन्मानानं घरी जाऊ दिलं. आता हे डोक्यात ठेवून तो दहा मार्कांचा प्रश्न परत काढू या.

फिलाडेल्फियाचे हरलेले लोक

अमेरिकेतल्या १३ वसाहती इंग्लंडपासून सुटल्या खऱ्या, पण त्यांचं पहिलं केंद्र सरकार अगदीच लुळं होतं. कर लावायचा अधिकार नाही. मूळ करारात काही बदल करायचा तर सगळ्या १३ राज्यांनी हो म्हणायला हवं. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या मागे उभं राहून कोर्टं बंद पाडली, कारण कोर्टातूनच त्यांच्या जमिनींवर जप्ती यायची. विदर्भातल्या पोरापोरींना हे समजावून सांगायची गरज नाही. त्या बंडानं पुढारी हादरले आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बैठक भरली. १२ राज्यांचे ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडनं कोणाला पाठवलंच नाही. शेवटी १७ सप्टेंबरला सही केली फक्त ३९ जणांनी.

गाइडमध्ये त्या ३९ जणांची नावं मिळतील. मला जास्त रस आहे सही न करणाऱ्यांत. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन शेवटपर्यंत हजर होते, पण सही करायला तयार झाले नाहीत. एक मोठं कारण असं की या घटनेत सामान्य माणसाच्या हक्कांची यादीच नव्हती. मत मांडलं, हरले, घरी गेले.

मग घटना एकेका राज्याच्या परिषदेत मंजुरीला गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी १७८८ मध्ये १८७ विरुद्ध १६८ अशी ती जेमतेम पास झाली. आणि निकालानंतर विरोधात मत दिलेल्यांपैकी काही जण उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही हरलो, बहुमताचा निर्णय मान्य. ज्या राज्यात वर्षभरापूर्वी शेतकरी बंदुका घेऊन कोर्टावर चालून गेले होते, त्याच राज्यात हे घडलं. माझ्या मते अमेरिकन घटनेचा खरा उगम त्या क्षणी झाला. कारण हरलेला उठून 'मान्य' म्हणेपर्यंत घटना म्हणजे नुसता कागद असतो.

अर्थात ते फुकट 'मान्य' म्हणाले नाहीत. हक्कांच्या दुरुस्त्या सुचवूनच तिथे मंजुरी दिली गेली. पुढे जेम्स मॅडिसन यांनी पुढाकार घेतला, १७८९ मध्ये काँग्रेसनं १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि १७९१ मध्ये त्यातल्या १० मंजूर झाल्या. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य. आज अमेरिकन घटनेचा जो भाग जगात सगळ्यात जास्त सांगितला जातो, तो मुळात हरलेल्या बाजूची मागणी होती.

१२ पैकी १० मंजूर झाल्या. मग उरलेल्या दोन? त्यातल्या एकीची गोष्ट खास तुमच्यासाठी. खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला तर ती वाढ पुढची निवडणूक झाल्यावरच लागू व्हावी, अशी ती दुरुस्ती. ती तशीच पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं पेपर लिहिला की या दुरुस्तीला मुदतच घातलेली नव्हती, म्हणजे ती अजून जिवंत आहे. त्याला मिळाला 'सी' ग्रेड. पठ्ठ्या चिडला आणि राज्याराज्यांच्या लोकप्रतिनिधींना पत्रं लिहीत सुटला. १९९२ मध्ये ती अमेरिकेची २७ वी घटनादुरुस्ती झाली. २०० वर्षांपूर्वी हरलेला प्रस्ताव एका कॉलेजच्या पोरानं जिंकवला. विद्यापीठानं २०१७ मध्ये त्याचा ग्रेड बदलून 'ए' केला, हे वेगळंच.

आणि सत्ता सोडणं? १८०० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स हरले, थॉमस जेफरसन जिंकले. दोघांमध्ये तेव्हा प्रचंड कटुता होती. ४ मार्च १८०१ ला शपथविधी होता आणि अॅडम्स त्या दिवशी पहाटेच वॉशिंग्टन सोडून निघून गेले. अभिनंदनाला थांबले नाहीत. पण गेले, हे महत्त्वाचं. जाताजाता त्यांनी आपल्या बाजूचे बरेच न्यायाधीश नेमले होते. त्यातल्या एका नेमणुकीच्या वादातून १८०३ मध्ये 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' हा निकाल आला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी सांगितलं की घटनेच्या विरोधात जाणारा कायदा कोर्ट रद्द ठरवू शकतं. सत्तेवर असलेल्यालाही कोर्ट अडवू शकतं, हा विचार तिथून पुढे जगभर गेला. आपल्या घटनेनं तर तो कलम १३ मध्ये स्पष्टच लिहून ठेवला. १९५४ मधला भंडाऱ्याचा खटला निवडणूक कायद्याचा होता, पण जिंकलेला माणूस कायद्याच्या वर नाही, हे त्यातलं तत्त्व त्याच घराण्यातलं.

ज्यांना हरायचीही परवानगी नव्हती

इथपर्यंत गोष्ट छान छान वाटते. पण अर्धीच सांगितली तर ती खोटी होईल.

ज्या घटनेत हरलेल्यांना इतकी जागा होती, त्याच घटनेत लाखो माणसं धरलीच नव्हती. राज्यांच्या जागा ठरवण्यासाठी लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशोब होता. त्यांना मत नाही, पण त्यांच्या आकड्यावर मालकांच्या राज्याला जास्त खासदार. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिकच असू शकत नाही. सत्ताधाऱ्याला अडवणारं कोर्ट हेच. म्हणजे कोर्ट आहे म्हणून न्याय होतोच, असंही नाही.

१८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले आणि गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेनं निकाल स्वीकारला नाही. डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायना फुटून बाहेर पडलं, पाठोपाठ आणखी राज्यं. हार मानायला नकार दिला की काय होतं, त्याचं उत्तर म्हणजे १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. त्यातून १३ वी दुरुस्ती आली, गुलामगिरी संपली. १४ व्या दुरुस्तीनं नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, १५ वीनं वंशावरून मत नाकारायला मनाई केली. बायकांना देशभर मत मिळायला १९२० उजाडलं.

ही लढाई तिकडे चालू होती तेव्हा इकडे पुण्यात कोणीतरी तिच्याकडे लक्ष ठेवून होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्यामागे होती. ४० वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक मराठी तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. आत्ता माझं वय तेवढंच आहे, आणि मी अजून बातमीचा इंट्रो चौथ्यांदा लिहितेय, ते असो.

त्या तरुणानं अमेरिकेकडून सगळं उचललं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि इंग्लंडची संसदीय पद्धत शेजारी ठेवून दाखवली. अमेरिकेत सरकार स्थिर असतं, पण त्याला रोज जाब विचारता येत नाही. संसदीय पद्धतीत सरकार पडू शकतं, पण रोज उत्तर द्यावं लागतं. आपण स्थिरतेपेक्षा जबाबदारीला जास्त वजन दिलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे पुन्हा तेच. जो आज हरून समोरच्या बाकावर बसलाय, त्याला उद्या सकाळीच प्रश्न विचारता आला पाहिजे.

आणि ही शिकवणी कुठेच कायमची पूर्ण होत नाही. २०२० ची निवडणूक हरल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी निकाल मानला नाही आणि ६ जानेवारी २०२१ ला त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. मतमोजणी मध्येच थांबली, पण त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पूर्ण झाली. चार वर्षांनी ट्रम्प पुन्हा जिंकले. ६ जानेवारी २०२५ ला त्याच सभागृहात मतं मोजून निकाल जाहीर करायचं काम उपराष्ट्राध्यक्ष म्हणून कमला हॅरिस यांच्याकडे होतं. हरलेल्या उमेदवार त्याच होत्या. स्वतःच्या पराभवाचा आकडा त्यांनी स्वतः वाचून दाखवला. एकाच देशात, एकाच इमारतीत, चार वर्षांच्या अंतरानं घडलेली ही दोन दृश्यं. घटना तीच, एक शब्द बदललेला नाही. माणसं कशी वागली, एवढाच फरक.

आणि आपल्या कॉलेजात?

आता माझं म्हणणं सांगते. अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, मतदानाचं वय १८ केलं, कारण पोरं विचारत होती की लढायला चालतो तर मत द्यायला का नाही? आपल्याकडे ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून १८ वर्षांच्या मुलामुलींना मत मिळालं. म्हणजे तुम्ही देशाचा पंतप्रधान ठरवायला मदत करू शकता. पण तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण ठरवतं?

१९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. ज्याला मार्क जास्त तो प्रतिनिधी. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकीचं दार परत उघडलं. कायदा २०१७ मध्ये लागूही झाला. पण खरं सांगा, तुमच्या कॉलेजात मतपेटी पाहिलीय तुम्ही?

विरोधातलं म्हणणं मला ठाऊक आहे. राडे होतील, पैसा येईल, बाहेरचे पुढारी घुसतील, अभ्यास बुडेल. घरोघरी आईबाबा हेच म्हणतात आणि त्यांचं भय खोटं नाही. एक जीव खरंच गेला होता. पण भांडण होतं म्हणून निवडणूकच बंद करायची, हा उपाय म्हणजे अपघात होतात म्हणून राष्ट्रीय महामार्गच खोदून टाकण्यासारखा. शेजच्या बंडानंतर अमेरिकेनं निवडणुका बंद केल्या नाहीत, नियम लिहायला घेतले. आपल्याकडे नियमही तयार आहेत. लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच लागू केल्या. एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, हजेरी किमान ७५ टक्के, छापील पोस्टर नाही.

मार्कांवर नेमलेला प्रतिनिधी हुशार असेल, चांगलाही असेल. पण तो कधी हरत नाही. त्याच्यासमोर कोणी हरत नाही. म्हणजे पूर्ण वर्गाला पाच वर्षांत एकदाही हरण्याचा अनुभव येत नाही. मग हीच पोरं उद्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, पक्षात जातात आणि पहिल्यांदा हरल्यावर काय करतात, ते आपण निकालाच्या दिवशी गावागावात बघतोच. हरायचा सराव कोणी करून घेतलाय त्यांच्याकडून?

शेवटी माझीच गोष्ट सांगते. थर्ड इयरला आमच्या वर्गानं सहलीसाठी आपापली निवडणूक घेतली. अधिकृत काही नाही. वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या आणि पेटी म्हणून एक रिकामा टिफिन. मी उभी होते. माझ्या मैत्रिणीनं सगळ्यांसमोर फळ्यावर उभ्या रेषा मारत मतं मोजली. ३१ विरुद्ध २७. मी हरले.

मला फार राग आला. त्यानं कॅन्टीनमध्ये समोसे चारून मतं घेतली, असं मी चार दिवस सगळ्यांना सांगत फिरले. पुरावा काही नव्हता. पाचव्या दिवशी जिंकलेला मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पैसे मी गोळा करतो, हिशोब तू ठेव. नाहीतर तू म्हणशील, समोशात गेले." सगळे हसले. मी वही घेतली. सहल झाली आणि शेवटी १४० रुपये उरले, ते परत वाटले.

मला नंतर कळलं की आपल्या संसदेतही असंच आहे. सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाच्या सदस्याला द्यायचा प्रघात आहे. जो हरला, त्याच्याच हातात हिशोबाची वही.

तेव्हा या वर्षी एक करा. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जा आणि निवडणूक मागा. नाही म्हणाले तर निदान वर्गापुरती घ्या, चिठ्ठ्यांवर घ्या, सगळ्यांसमोर मोजा. हरलेल्याला निकालाच्या कागदावर सही करायला सांगा आणि मग त्याला एखादं काम द्या. आणि तो हरलेला तुम्हीच असाल, तर दोन दिवस रागावून घ्या, चालतं. तिसऱ्या दिवशी मात्र कामाला लागा.